आर्थर रोड ते कस्तुरबा: साथीत कामावर आलेल्यांचा इतिहास

साने गुरुजी मार्गाला टॅक्सीवाले अजून आर्थर रोडच म्हणतात. १८४२ ते १८४६ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर जॉर्ज आर्थर यांचे ते नाव. ‘आर्थर रोडला नेले’ म्हटले की आज तुरुंग आठवतो, पण तुरुंग उभा राहिला १९२६ साली. त्याच्या कितीतरी आधी, १८९२ पासून, या रस्त्यावर महापालिकेचे संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय होते आणि गिरणगावाला धास्ती होती ती त्या रुग्णालयाची. त्यालाच पुढे कस्तुरबांचे नाव मिळाले.

रुग्णालयाचा इतिहास लिहायचा म्हणजे इमारती, खाटा, अधीक्षक आणि उद्घाटने लिहायची, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी पालिकेच्या सेवेत परिचारिका म्हणून आयुष्य काढले. मला लिहायचे आहे ते साथीच्या दिवसांत कामावर आलेल्या माणसांविषयी, आणि त्यातही एकाच प्रश्नाविषयी: रुग्णाची सेवा करणाऱ्यांपैकी कुणाला, कुठे आणि कशामुळे लागण झाली? या प्रश्नाचे उत्तर सव्वाशे वर्षांत अनेकदा चुकीच्या जागी शोधले गेले. म्हणून सुरुवात प्लेगपासून करते.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रुग्णाला गाठीचा प्लेग असल्याचे ओळखले. दुसऱ्याच दिवसापासून आर्थर रोडच्या रुग्णालयात प्लेगच्या रुग्णांची नोंद सुरू झाली. रुग्णालयाचा कारभार डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांच्याकडे होता. २४ सप्टेंबर १८९६ ते २८ फेब्रुवारी १८९७ या पाच महिन्यांत त्यांनी इथल्या ९३९ रुग्णांची निरीक्षणे लिहून काढली आणि त्यावर अहवाल तयार केला. औषध नाही, प्रतिजैविके अजून जन्मली नाहीत, रोग कसा पसरतो ते ठाऊक नाही, आणि हा माणूस रोज खाटेखाटेपाशी जाऊन ताप, गाठ, नाडी लिहून ठेवतो आहे. या रुग्णालयाच्या इतिहासात मला सर्वांत मोठे काम हेच वाटते.

बाहेर मात्र वेगळेच बोलले जात होते. आत नेलेला माणूस परत येत नाही, आत मुद्दाम मारतात, अशा अफवा चाळीचाळीतून पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये सुमारे हजारभर गिरणी कामगार रुग्णालयावर चालून आले. त्यांना दोष देववत नाही. घरातल्या माणसाला जबरदस्तीने उचलून नेत होते, जात-पात, सोवळे-ओवळे, बायकांची अब्रू या कशाचीच पत्रास न ठेवता तपासण्या चालू होत्या. पण त्या दिवशी आत जे परिचारक, भंगी आणि वॉर्डातले नोकर होते, तेही याच वस्तीतले होते. आत रोगाची भीती, बाहेर आपल्याच लोकांची, आणि तरीही ते दुसऱ्या दिवशी कामावर आले असतील तर कशाच्या बळावर, याचा विचार मी अनेकदा केला आहे.

आता विचित्र गोष्ट पाहा. सगळ्या शहराला वाटत होते की प्लेग रुग्णाला हात लावल्याने होतो. प्रत्यक्षात गाठीच्या प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागण फार क्वचित होत असे. कारण १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगातून समोर आले: रोग नेतो तो उंदरावरचा पिसू. म्हणजे धोका रुग्णालयाच्या मोकळ्या, चुना मारलेल्या वॉर्डात कमी होता आणि मांडवीच्या धान्याच्या गोदामांवर राहणाऱ्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत जास्त होता. सिमाँचे म्हणणे सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. तोवर लोक पळत होते ते सुरक्षित जागेपासून.

पण याच प्लेगचे दुसरे रूप होते, फुप्फुसाचे. जानेवारी १८९७ मध्ये जे. जे. रुग्णालयातले सर्जन-मेजर मॅन्सर त्याने गेले आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही गेली. त्यानंतरच्या शवविच्छेदनांतून डॉ. चाइल्ड यांनी हा प्रकार वेगळा असल्याचे दाखवून दिले. इथे पिसवाची गरज नव्हती, खोकला पुरेसा होता. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून दवाखान्यात आणले होते. त्यांच्या नावापुढे आपण अनेक बिरुदे लावतो. साथीत रुग्णसेवा करताना लागण होऊन मृत्यू, ही नोंदही त्यांच्या नावापुढे तितक्याच आदराने असली पाहिजे.

एकच रोग, दोन वाटा. वाट कोणती ते कळले नाही, तर भीती एकीकडे आणि माणसे मरतात दुसरीकडे. हे प्लेगने शिकवले आणि आपण विसरलो.

१९१८ चा इन्फ्लुएंझा फार वेगाने आला. १० जूनला मुंबई बंदरावर पहाऱ्याला असलेले सात शिपाई तापाने दवाखान्यात भरती झाले. पोलीस, गोदी, टपाल, गिरण्या असा ताप चढत गेला. दुसरी लाट सप्टेंबरात आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. वेगळे ठेवून हा रोग थांबणारा नव्हता. शहरभर स्वयंसेवक, जातीजातींच्या संस्था, महिला मंडळे औषध आणि दूध घेऊन घरोघरी गेली, तेव्हा कुठे माणसे सावरली.

मधल्या दशकांत देवी, पटकी, घटसर्प, गोवर, धनुर्वात, कावीळ, पावसाळ्यातला लेप्टो, डेंग्यू हे सगळे या वॉर्डांनी पाहिले. देवीचा रोग जगातून गेला. बाकीचे येत राहिले. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली आणि त्या ऑगस्टमध्ये कस्तुरबाच्या आवारात तपासणीसाठी लागलेल्या रांगा मुंबईकरांना आठवत असतील. तोंडाला रुमाल बांधून लोक तासन्‌तास उभे होते. त्यानंतरच्या काळात इथली रेण्वीय निदान प्रयोगशाळा उभी राहिली आणि नावारूपाला आली. पुढच्या साथीत शहराचा भार तिच्यावर पडणार होता.

जानेवारी २०२० मध्ये चीनहून परतणाऱ्या प्रवाशांसाठी इथे विलगीकरणाचा कक्ष तयार झाला. ९ मार्चला राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले, ११ मार्चला मुंबईतले. १७ मार्चला शहरातला पहिला कोविड मृत्यू याच रुग्णालयात नोंदला गेला, ६४ वर्षांच्या एका गृहस्थांचा. पालिकेच्या चाचण्या सुरुवातीला इथल्याच प्रयोगशाळेत होत. स्वॅबची नळी तीन थरांत गुंडाळून, बर्फाच्या पेटीत येत असे. ती उघडणारे हात काचेच्या कपाटात आत घातलेले असत. त्या दिवसांत कुणाचा रिपोर्ट कधी येणार याची सगळी मुंबई वाट पाहत होती, आणि ती वाट इथल्या मूठभर तंत्रज्ञांच्या शिफ्टपाशी येऊन थांबत होती.

किट घालून काम करणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहिते. आत जाण्यापूर्वी बाथरूमला जाऊन यायचे, पाणी बेताने प्यायचे, कारण पुढचे सहा तास दोन्ही नाही. किट चढवले की सगळे सारखेच दिसतात, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचे: सिस्टर अमुक, डॉक्टर तमुक, मामा, मावशी. पंधरा मिनिटांत घाम पाठीवरून घोट्यापर्यंत उतरतो. हातमोज्यांच्या आत बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतते. शीर शोधायची ती दोन थरांच्या मोज्यांतून. चष्मा असला तर दहा मिनिटांत धुके.

आणि खरी परीक्षा बाहेर पडताना. वरचे मोजे काढा, हात निर्जंतुक करा. शील्ड काढा, हात. गाऊन आतून बाहेर गुंडाळत, बाहेरच्या बाजूला स्पर्श न करता उतरवा, हात. आतले मोजे, हात. सगळ्यात शेवटी एन-९५, पट्टी मागून धरून, श्वास रोखून. समोर आरसा किंवा समोर सहकारी, जी ओरडून सांगेल, ‘सिस्टर, मानेला हात लावू नका!’ सहा तास दमलेल्या, तहानलेल्या माणसाने ही शेवटची दहा मिनिटे सगळ्यात सावध राहायचे. वॉर्डात खाटेपाशी उभे असताना आम्ही पूर्ण झाकलेले असू. उघडे पडू ते इथे, आणि त्यानंतर.

त्यानंतर म्हणजे कुठे? एप्रिल २०२० च्या पहिल्या आठवड्यात मुंबई सेंट्रलच्या एका खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि तीन डॉक्टरांना लागण झाल्याचे उघड झाले आणि अख्खे रुग्णालय बंद करावे लागले. ते कोविडचे रुग्णालय नव्हते, आणि माझ्या मते खरे कारण तेच. कस्तुरबात येणारा प्रत्येक जण संशयित म्हणूनच येत होता, त्यामुळे त्याच्याजवळ जाणारा प्रत्येक जण तयारीने जात होता. दुसऱ्या आजारासाठी दाखल झालेल्या रुग्णापाशी मात्र परिचारिका साध्या मास्कने, कधी त्याशिवायही जाते. त्यात एका खोलीत चौघी-पाच जणींनी राहायचे, पाळीपाळीने त्याच खाटांवर झोपायचे. एकीला झाले की सगळ्यांना होणार. ज्या दाराची भीती वाटते तिथे माणूस काळजी घेतो, आणि रोग त्याच्या शेजारच्या दाराने येतो.

हे केवळ माझे मत राहू नये म्हणून आकडे देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये ७० जिल्ह्यांत तिसरे रक्तद्रव सर्वेक्षण केले. लागण होऊन गेल्याची खूण, म्हणजे प्रतिपिंडे, १८ वर्षांवरील सामान्य लोकांत २१.४ टक्क्यांना आढळली. तपासलेल्या ७,१७१ आरोग्य कर्मचाऱ्यांत हे प्रमाण २५.७ टक्के होते. कर्मचाऱ्यांना जास्त, हे अपेक्षितच. पण आतली फोड पाहा: डॉक्टर आणि परिचारिका २६.६ टक्के, निमवैद्यकीय कर्मचारी २५.४, क्षेत्रीय कर्मचारी २५.३, आणि कार्यालयात बसणारे प्रशासकीय कर्मचारी २४.९. रुग्णाच्या घशातून स्वॅब घेणारी सिस्टर आणि केसपेपरच्या खिडकीमागचा लिपिक यांच्यात दोन टक्क्यांचाही फरक नाही!

मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. खाट हेच जर लागणीचे मुख्य ठिकाण असते, तर खाटेपासून दूर जाल तसे प्रमाण उतरत गेले असते. ते उतरले नाही. याचा अर्थ खाटेपाशी धोका नव्हता असा नाही. पण तिथे किट होते, शिस्त होती, मनात धाक होता. लागणीच्या बाकीच्या जागा सगळ्यांच्या समाईक होत्या: जेवणाची खोली, जिथे मास्क उतरतो आणि डबे एकत्र उघडतात. कपडे बदलण्याची कोंदट जागा. हजेरीची रांग. प्रवास. घर.

प्रवासाचेच घ्या. मार्च २०२० च्या अखेरीस लोकल थांबल्या. विरार, बदलापूर, पनवेलहून येणारे कर्मचारी बेस्ट आणि एसटीच्या बसने येऊ लागले, दोन-दोन तास, कधी त्याहून जास्त. अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाल्या त्या १५ जूनला. तोवर एका बसच्या दांडीला पाच रुग्णालयांचे हात लागत होते. काही जणांची सोय हॉटेलांत झाली, सगळ्यांची झाली नाही.

आणि घराचे तर विचारूच नका. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी मुंबईतल्या तीन विभागांत ६,९३६ जणांचे नमुने तपासले. कस्तुरबा रुग्णालय त्या कामात सहभागी होते. झोपडपट्टीत राहणाऱ्यांपैकी ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेली होती, झोपडपट्टीबाहेरच्यांपैकी १६ टक्क्यांना. आमचे मामा, मावश्या, सफाई कामगार यांच्यापैकी कितीतरी जण राहतात त्या वस्त्यांत, जिथे दहा घरांत एक नळ आणि पन्नास घरांत एक संडास. त्यांना किट दिले, हे बरोबरच केले. पण आठ तासांच्या ड्यूटीतल्या किटने सोळा तासांचे घर झाकले जात नाही. प्लेगच्या वेळी पिसू चाळीत होता आणि लोक रुग्णालयाला भीत होते. सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात तीच गोष्ट दुसऱ्या रोगाने सांगितली.

या साथीत कस्तुरबाच्या प्रयोगशाळेने आणखी एक काम केले आणि ते थेट आम्हा कर्मचाऱ्यांविषयीचे होते. एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही, या भरवशावर २०२० च्या उन्हाळ्यात बऱ्या झालेल्या कर्मचाऱ्यांना आधी ड्यूटीला बोलावले जाई. काहींना महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा ताप आला. ‘जुन्याच विषाणूचे अवशेष असतील’, असे त्यांना सांगितले गेले. इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. जयंती शास्त्री आणि दिल्लीच्या जीनोमिकी संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी मुंबईतल्या चार आरोग्य कर्मचाऱ्यांचे दोन्ही वेळचे नमुने घेऊन विषाणूंचे जनुकीय क्रम लावले. दोन्ही वेळचे विषाणू वेगळे निघाले. पुनर्लागण खरी होती, आणि चौघांनाही दुसऱ्या खेपेला त्रास जास्त झाला होता. सप्टेंबर २०२० मध्ये हे जगासमोर मांडले गेले. ‘पुन्हा झाला’ म्हणणाऱ्या सिस्टरला त्या दिवसापासून कुणी नाटकी म्हणू शकले नाही. पुढे लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या एका कर्मचाऱ्याला आधी अल्फा आणि नंतर डेल्टा या प्रकारांनी गाठल्याचेही याच मंडळींनी दाखवून दिले. ४ ऑगस्ट २०२१ रोजी जनुकीय क्रमनिर्धारणाची स्वतंत्र प्रयोगशाळा कस्तुरबात सुरू झाली, तिच्यामागे हा अनुभव होता.

आता जे सलते ते लिहिते. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत प्रश्न आला, किती आरोग्य कर्मचारी बाधित झाले आणि किती गेले? आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्राकडे अशी माहिती ठेवली जात नाही, असे उत्तर मिळाले. इंडियन मेडिकल असोसिएशनने संतापून ३८२ मृत डॉक्टरांची यादी जाहीर केली. डॉक्टरांना निदान त्यांची संघटना होती. त्या यादीच्या शेजारी ठेवायला आयांची, कक्षसेवकांची, रुग्णवाहिका चालकांची, शवागारात काम करणाऱ्यांची यादी कुठे होती?

मी तेव्हा ज्या रुग्णालयात होते (त्याचे नाव इथे लिहीत नाही), तिथे आमच्या वॉर्डातल्या दोन सिस्टर पॉझिटिव्ह आल्या. संपर्कातल्यांची यादी करून सगळ्यांचे स्वॅब घ्यायचे ठरले. मी यादी लिहीत होते. वॉर्ड पुसणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. रोज आमच्याबरोबर चहा पिणाऱ्या, पॅनमधली घाण उचलणाऱ्या.

“मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा,” मी म्हटले.

“माझं नाव तुमच्याकडे नसतं सिस्टर. कंत्राटदाराकडे असतं.”

मी नाव लिहिले. संध्याकाळी यादी परत आली तेव्हा त्या नावावर रेघ होती, शेजारी पेनने लिहिले होते, ‘आपल्या आस्थापनेवर नाही’. चार दिवसांनी मावशींना ताप आला. त्या बऱ्या झाल्या, पण त्यांच्या नवऱ्याला दीड महिना अंथरूण सुटले नाही. लागणीच्या कुठल्याही तक्त्यात त्या दोघांची नोंद आमच्या रुग्णालयाच्या खात्यावर झाली नसणार. ३० मार्च २०२० ला सुरू झालेला केंद्राचा ५० लाखांचा विमा कंत्राटी माणसांनाही लागू होता. पण ज्याचे नाव हजेरीतच नाही त्याने ड्यूटी केली, हे सिद्ध कुणी करायचे?

मोजणी नीट केली तर काय हाती लागते, ते तमिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने दाखवून दिले. त्यांनी आपल्या १०,६०० कर्मचाऱ्यांपैकी कुणी लस घेतली आणि कुणाला नंतर लागण झाली, याचा दुसऱ्या लाटेत हिशेब ठेवला. ८,९९१ जणांनी, म्हणजे ८४.८ टक्क्यांनी, लस घेतली होती. दोन मात्रांमुळे लागणीपासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के, प्राणवायू लागण्यापासून ९२ टक्के आणि अतिदक्षता विभागापासून ९४ टक्के संरक्षण मिळाल्याचे त्यातून निघाले. साथ सुरू झाल्यापासून त्यांचा जो एक कर्मचारी गेला, त्याने लस घेतलेली नव्हती. देशभर लशीविषयी कुजबुज चालू असताना या आकड्यांनी किती जणांचा संकोच मोडला असेल! आपल्या माणसांची यादी पूर्ण असली तरच असा हिशेब लावता येतो.

म्हणून कस्तुरबाच्या प्रशासनाकडे आणि पालिकेकडे माझे एक मागणे आहे. रुग्णालयात एक कायमची नोंदवही असावी. कायम असो वा कंत्राटी, साथीत कामावर आलेल्या प्रत्येकाचे तिच्यात नाव, हुद्दा, वॉर्ड, राहण्याची जागा, येण्याचा रस्ता, जेवणाची जागा, चाचणीची तारीख आणि घरात कुणाला झाले ते लिहिलेले असावे. डॉ. चोक्सींनी ९३९ रुग्णांचे जे केले, ते आपल्याच माणसांसाठी करायचे आहे. याच वहीतून पुढच्या साथीत कळेल की खिडक्या जेवणाच्या खोलीला हव्यात की वॉर्डाला, आणि बस आधी सोडायची की किट.

१६ जानेवारी २०२१ ला देशात लसीकरण सुरू झाले, पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. आमची पाळी काही दिवसांनी आली. या वेळच्या यादीत कंत्राटी कर्मचारीही होते. मावशी इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. मला हाताला धरून त्या भिंतीवर लावलेल्या कागदापाशी घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, “सिस्टर, माझं नाव कुठं आहे ते बोट ठेवून दाखवा.” मी दाखवले. त्यांनी माझे बोट बाजूला केले आणि त्या जागी स्वतःचे ठेवले, आणि मागची रांग पुढे सरकेपर्यंत काढले नाही.